वायफायमधला ‘हर्ट्झ’ नेमका कोण? ३६ व्या वर्षी गेलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट

वायफायच्या राऊटरवर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे आकडे असतात. यातलं गिगा म्हणजे एक अब्ज. आणि हर्ट्झ? ते एका जर्मन माणसाचं आडनाव आहे. पूर्ण नाव हाइनरिश हर्ट्झ.

जन्म २२ फेब्रुवारी १८५७, हॅम्बर्ग. वडील वकील. घराण्याची मुळं ज्यू, पण कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. हर्ट्झने आधी इंजिनीअरिंगची वाट धरली, पण मन रमलं भौतिकशास्त्रात. बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली शिकून त्याने १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८८५ मध्ये तो कार्ल्सरूहला प्राध्यापक झाला.

तेव्हा एक मोठा प्रश्न अडकून पडला होता. स्कॉटलंडच्या मॅक्सवेलने १८६५ मध्ये गणिताने मांडलं होतं की, विद्युतचुंबकीय लहरी असतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने पसरतात. पण अशी लहर तयार करून कुणी दाखवली नव्हती. पुरावा मिळायच्या आधीच, १८७९ मध्ये मॅक्सवेल गेला.

हर्ट्झने हे काम हातात घेतलं. एकीकडे धातूच्या दोन गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी उडवायची. काही अंतरावर तारेचं एक कडं, त्यालाही बारीक फट. दोन्हींना जोडणारं मधे काहीच नाही. तरीही इकडे ठिणगी उडाली की तिकडच्या कड्यातही उडायची! ती इतकी बारीक की, अंधाऱ्या खोलीत डोळे ताणून बघावी लागे.

मग त्याने जस्ताच्या पत्र्यावरून लहरी परतवल्या, त्यांची लांबी मोजली. लाकडी दारातून त्या आरपार जातात, हेही दाखवलं. १८८८ पर्यंत मॅक्सवेल बरोबर होता हे सिद्ध झालं. आजही वायफाय बंद लाकडी दारातून येतं आणि लोखंडी कपाटामागे अडतं, ते याच गुणामुळे.

गंमत म्हणजे, या लहरींवरून टेलिफोन चालेल का, असं एका इंजिनीअरने पत्राने विचारलं, तर हर्ट्झने नकार कळवला. त्याच्या हिशेबाने त्यासाठी अवाढव्य आरसे लागले असते.

पुढे तो बॉनला गेला, पण आजारपणाने गाठलं. १ जानेवारी १८९४ ला तो वारला, तेव्हा घरात दोन लहान मुली होत्या. त्याच वर्षी त्याच्यावरचा मृत्युलेख इटलीतल्या २० वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार बिनतारी संदेश पोचवला.

१९३० मध्ये एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या एककाला हर्ट्झचं नाव मिळालं. पण तीनच वर्षांत जर्मनीत नाझी सत्तेवर आले. ज्यू मुळांमुळे हॅम्बर्गच्या नगरभवनातून त्याची तसबीर हटवली गेली. बायको आणि दोन्ही मुलींना देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. नाव मात्र पुसलं गेलं नाही.

पुढे याच युरोपने वायफायला टक्कर द्यायला स्वतःचं तंत्रज्ञान आणलं, हायपरलॅन. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीचा वेग सेकंदाला २० मेगाबिटच्या थोडा वर होता, तर २००० च्या दुसरीचा ५४ मेगाबिटपर्यंत. दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या. बाजारात जिंकलं वायफायच. पण रडारच्या लहरी जाणवल्या की आपला चॅनेल सोडून बाजूला व्हायचं, ही हायपरलॅनमधली शिस्त युरोपच्या नियमांमुळे वायफायलाही स्वीकारावी लागली.

स्पर्धेत कुणीही जिंको, कुणीही हरो, वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे देश. मोजमाप मात्र सगळ्यांचं एकच, हर्ट्झ. तसबीर काढता आली, पण राऊटरवरचं नाव अजून तिथेच आहे.