ढ ठरलेला शास्त्रज्ञ : युस्टुस लीबिग



आई पाक करताना साखर करपली तर काय होते? पांढरीशुभ्र साखर काळी ठिक्कर पडते. तो काळा भाग म्हणजे कार्बन, कोळशातला असतो तोच. साखरेत तो दिसत नाही, पण असतो. पदार्थात अशी दडून बसलेली मूलद्रव्ये हुडकायची आणि मोजायची सोपी रीत ज्यांनी जगाला दिली, त्या लीबिग यांची ही गोष्ट.

युस्टुसचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट या गावी झाला. वडील रंग व रोगण तयार करून विकत. युस्टुस त्यांच्याजवळ लुडबुड करी. शाळेत मात्र त्याचे काही केल्या जमेना. पाठांतर तर मुळीच होत नसे. एकदा गुरुजींनी विचारले, तू पुढे कोण होणार? रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने सांगताच सारा वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले. रसायनशास्त्र हा शिकण्याचा विषय आहे, हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

पण पोराची नजर तीक्ष्ण होती. बाजारात एक फिरता विक्रेता खेळण्यातले फटाके बनवून विकायचा. युस्टुस टक लावून पाहत राहिला. नुसत्या वासावरून आणि वाफेच्या रंगावरून त्याने त्यातली द्रव्ये ओळखली! गावच्या ग्रंथालयातली रसायनाची पुस्तके त्याने फळीवर होती त्या क्रमाने वाचून काढली. पुढे त्याला औषधांच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. तिथूनही तो दहा महिन्यांत घरी परतला.

तरी त्याने नाद सोडला नाही. बॉन, एर्लांगेन आणि मग पॅरिस येथे तो शिकला. १८२४ साली, अवघ्या २१ व्या वर्षी, लीबिग गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

याच सुमारास एक कोडे पडले. बाजारातल्या फटाक्यात असे तो चांदीचा स्फोटक क्षार लीबिग यांनी तपासला होता. फ्रीड्रिख वोलर या तरुणाने चांदीचाच दुसरा, न फुटणारा क्षार तपासला. दोघांचे आकडे सारखेच! घटक तेच, प्रमाणही तेच, मग एक फुटतो आणि दुसरा नाही, हे कसे? वोलर यांचेच चुकले असणार, असे लीबिग यांना वाटले. त्यांनी पुन्हा तपासणी केली. वोलर बरोबर निघाले, आणि लीबिग यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. घटक तेच असले तरी त्यांची मांडणी निराळी असू शकते, हे त्यातून पुढे जगाला कळले. भांडण राहिले बाजूला, दोघे जन्माचे मित्र झाले.

अशा कोड्यांना अचूक मोजमाप हवे. १८३१ साली लीबिग यांनी पाच फुगे असलेले काचेचे एक उपकरण तयार केले. पदार्थ वजन करून घ्यायचा, काळ्या कॉपर ऑक्साइडबरोबर नळीत तापवायचा. त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते आणि कार्बनचा कार्बन डाय ऑक्साइड वायू होतो. वाफ आधीच्या नळीतले कॅल्शियम क्लोराइड शोषून घेते. वायू फुग्यांतल्या पोटॅशच्या पाण्यात अडकतो. दोन्हींचे वजन किती वाढले ते पाहिले, की हिशेब लागलाच! पूर्वी हे काम फार किचकट होते. आता विद्यार्थीसुद्धा ते करू लागले. लष्कराच्या जुन्या चौकीत थाटलेल्या लीबिग यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे तरुण शिकायला आले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही ते पाच फुगे आहेत.

१८५२ साली लीबिग म्युनिकला गेले. तेथेच १८ एप्रिल १८७३ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, एक प्रयोग तुम्हीही करा. गुरुजींसमोर चुन्याची निवळी पेल्यात घ्या आणि नळीने तीत हळूच फुंका. निवळी तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका. थोड्या वेळाने ती दुधासारखी पांढरी होईल. ही कार्बन डाय ऑक्साइडची खूण. हा कार्बन आला कुठून? तुम्ही खाल्लेल्या भाकरीतून! पाहा, वर्गात ज्याला सगळे हसले, त्याच्या वाटेने तुम्हीही दोन पावले चाललात.