बालवाचकांचे मित्र : कै. विनायक कोंडदेव ओक

राजे, सेनापती, साधुसंत व देशभक्त यांची चरित्रे शाळांच्या वार्षिकांतून वारंवार प्रसिद्ध होतात, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु अशी चरित्रे लहान मुलांच्या हाती पडावी, ती त्यांस समजावी, आणि समजल्यावर त्यांनी त्यांवर स्वतःचा काही विचार करावा, एवढ्याचसाठी ज्याने आपले उत्तरायुष्य वेचले, त्या गृहस्थाचे स्वतःचे चरित्र मात्र क्वचितच कोणी सांगतो. कै. विनायक कोंडदेव ओक हे ते गृहस्थ होत. मराठी बालवाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असे आम्ही या अंकासाठी योजिले आहे.

ओक यांचा जन्म इ. स. १८४० च्या फेब्रुवारी महिन्याच्या २५ व्या तारखेस, कोकणात गुहागर तालुक्यातील हेदवी या समुद्रकाठच्या गावी झाला. पेशवाई बुडून तेव्हा पुरती २२ वर्षे झाली होती. त्या काळी लहान मुलांचे वाचन म्हणजे काय असे, हे ध्यानात घेतल्यावाचून ओक यांच्या कामाचे मोल कळणार नाही. पंतोजींच्या शाळेत मूल धुळाक्षरे गिरवी, पाढे घोकी व पुढे मोडी वळण शिके. हिशेब लिहिता आला आणि आलेले पत्र लावता आले, की विद्या पुरी झाली असे घरचे लोक समजत. गोष्टीचे पुस्तक मुलाच्या हाती असणे, ही गोष्ट फारच थोड्या घरांत आढळे. नाही म्हणावयास सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इ. स. १८२८ मध्ये इसापनीतीच्या कथा व 'बाळमित्र' ही पुस्तके मराठीत आणिली होती. 'बाळमित्र' मूळचे बर्कँ नामक फ्रेंच ग्रंथकाराचे असून ते इंग्रजीच्या द्वारे मराठीत उतरले. मिशनरी मंडळींनीही छापखाने घालून शाळांपुरती लहान पुस्तके काढिली. पुढे सरकारी शाळा वाढल्या आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके मुलांच्या हाती आली. एवढे झाले खरे. परंतु क्रमिक पुस्तक परीक्षेसाठी वाचावयाचे, आणि परीक्षा झाली की ते कोनाड्यात ठेवावयाचे, हाच सर्वत्र रिवाज होता. वाचता येणारी मुले वाढत होती. वाचक वाढत नव्हते.

हा भेद ओक यांस चांगला उमगला होता. त्यांनी शिक्षणखात्यात नोकरी केली, त्यामुळे शाळा कशी चालते व मूल पुस्तकाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे त्यांस जवळून ठाऊक होते. प्रौढांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यांची 'शिरस्तेदार' ही कादंबरी इ. स. १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लाचलुचपतीने कचेरीतील मनुष्याचा व त्याच्या संसाराचा नाश कसा होतो, हे दाखविले आहे. इतिहास, निबंध व चरित्रे यांवरही त्यांनी ग्रंथ केले. इतक्यावरच ते थांबते, तरी मराठी ग्रंथकारांच्या मालिकेत त्यांचे नाव राहिले असते.

परंतु त्याच १८८१ साली त्यांनी दुसरे एक काम अंगावर घेतले, आणि तेच त्यांच्या जन्माचे काम ठरले. ते वर्ष मराठी वाचकांस एका निराळ्या कारणाने स्मरणात आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत पुण्यास 'केसरी' निघाला आणि मोठ्या माणसांस राज्यकारभाराचा विचार करावयास लावू लागला. ओक यांनी याच साली मुलांसाठी 'बालबोध' नावाचे मासिक सुरू केले. नाव मोठे मार्मिक होते. मोडीहून निराळ्या अशा आपल्या छापील देवनागरी लिपीस बाळबोध म्हणतात. आणि बालकास बोध व्हावा, हा तर मासिकाचा हेतूच होता. त्या वेळी ओक यांचे वय ४१ वर्षांचे होते.

'बालबोध' मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघे. या छापखान्याचे मालक जावजी दादाजी यांची हकीकत येथे दोन शब्दांत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जावजी गरिबीत वाढले. त्यांस शाळेचा लाभ फारसा झाला नाही. लहानपणीच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर ते राहिले. तेथे अक्षरांची कला त्यांच्या हाती आली. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराच्या साहाय्याने त्यांनी देवनागरी टाइप असा सुबक केला, की निर्णयसागरची छपाई साऱ्या हिंदुस्थानात नावाजली गेली. ज्यास स्वतःस शाळा पुरती लाभली नाही, त्याच्या छापखान्यातून इतरांच्या मुलांसाठी दरमहा एक मासिक बाहेर पडू लागले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य मनात ठेवावी. शिवाय, अक्षर स्वच्छ व ठळक असले म्हणजे नव्या वाचकाचे निम्मे श्रम वाचतात, हे ज्यांनी लहान मुलांस शिकविले आहे त्यांस सांगावयास नकोच.

आता 'बालबोध'ची रचना पाहू. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध आणि एक शास्त्रीय विषय असे. त्यांखेरीज भाषेसंबंधी व इतर किरकोळ मजकूर असे. हा बहुतेक सर्व मजकूर ओक स्वतः लिहीत. हा क्रम त्यांनी ३३ वर्षे चालविला. त्या अवधीत त्यांच्या लेखणीतून ४०२ चरित्रे, ४०२ कविता, ४०२ निबंध व ४०२ शास्त्रीय लेख उतरले. नुसत्या या चार प्रकारांची बेरीज १६०८ होते. पहिल्या वर्षी ज्या मुलाने 'बालबोध' हाती धरिला, तो मोठा होऊन संसारास लागला, त्याची मुले अक्षरे ओळखू लागली, तरीही लिहिणारा हात तोच होता.

आमच्या मते या आकड्यांपेक्षा त्या रचनेतच ओक यांची खरी शहाणीव दिसून येते. चरित्रामुळे मुलास माणूस भेटतो. संकटात त्याने काय केले हे पाहून, आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते, असा प्रश्न मनात आपोआप उठतो. कवितेमुळे भाषेचा नाद कानास लागतो, आणि अर्थ पुरता कळण्यापूर्वीच शब्दांची गोडी उत्पन्न होते. निबंधामुळे एका गोष्टीवरून दुसरीकडे विचार कसा जातो, हे कळू लागते. शास्त्रीय लेख वाचून मूल पुस्तक मिटते आणि बाहेर जाऊन पाऊस, वीज, किडा अथवा तारा यांजकडे नव्या डोळ्यांनी पाहते. एका मुलास चरित्र आवडेल, दुसऱ्यास शास्त्र. परंतु आवडत्या पानाकडे जाता जाता नावडत्या पानावरही दृष्टी पडते, आणि कधी कधी तेच पुढे आवडीचे होते. शिवाय मजकूर थोडका असल्यामुळे कंटाळा येत नाही, आणि पुढला अंक महिन्याने यावयाचा असल्यामुळे हातचा अंक पुनःपुन्हा वाचिला जातो. दुसऱ्या वाचनात मूल थांबते, मागे वळते, शंका काढते. विचार करून वाचणे यालाच म्हणतात.

ओक यांच्या लेखनात दोष नव्हते असे मात्र आम्ही म्हणत नाही. ३३ वर्षे बहुधा एकच मनुष्य बोलत राहिला म्हणजे त्याच्या बोलण्यास एक ठरावीक वळण पडते. त्यांचा सूर पुष्कळदा उपदेशकाचा असे. खेळ, थट्टा व हसू यांस त्यांच्या पानांत जागा बेताचीच मिळे. त्यांच्या कवितांस मोठ्या कवींच्या पंक्तीत कोणी बसवीत नाही. मूल हे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे, त्याचे जग निराळे आहे, हा विचार मराठीत पुढे अधिक रुजला. वासुदेव गोविंद आपटे यांनी इ. स. १९०६ मध्ये 'आनंद' मासिक काढिले. त्याच्या नावातच हा फरक दिसतो. तथापि बोधाची वाट आधी कोणीतरी तुडविली होती, म्हणूनच आनंदाची गाडी पुढे सुखाने चालली, हे विसरता कामा नये.

इ. स. १९१४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ९ व्या तारखेस ओक यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ७४ वर्षांचे होते. युरोपात पहिले महायुद्ध पेटून जेमतेम दोन महिने लोटले होते, आणि वर्तमानपत्रे रणांगणाच्या वार्तांनी भरून गेली होती. त्या गडबडीतही, ज्यांनी लहानपणी 'बालबोध'ची वाट पाहिली होती, त्यांस आपल्या घरचेच एक वडील माणूस गेल्यासारखे वाटले असेल. पुढे मुलांची मासिके अनेक निघाली. आपल्या विदर्भात नागपुरासही 'मुलांचे मासिक' सुरू झाले. त्या सर्वांवर ओक यांचे ऋण आहे.

हेदवीपासून आमचे सिहोरा शेकडो मैल दूर. ओक यांच्या काळी तर कोकण मुंबई इलाख्यात आणि भंडारा जिल्हा मध्यप्रांतात होता. मग हे चरित्र येथे सांगावयाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे, की ज्या उणिवेसाठी ओक यांनी लेखणी उचलली, ती आमच्या गावांतून अद्याप नाहीशी झालेली नाही. प्राथमिक शाळेतील मूल धडा घडाघडा वाचते. परंतु धड्यातील मनुष्याने तसे का केले, असे विचारताच गप्प बसते. याचा दोष मुलाकडे नाही. आमच्या भागात कित्येक घरी झाडीबोली बोलतात, कित्येक घरी पोवारी, कोठे गोंडी, कोठे हिंदी. पुस्तकातील मराठी त्या मुलास अर्धी ओळखीची व अर्धी परकी असते. शब्द डोळ्यांपुढून जातात. अर्थ उंबरठ्याबाहेरच उभा राहतो. अशा मुलाने रोवणीच्या दिवसांत शाळा चुकविली, पुढे शाळा सोडिली, म्हणजे आलेले वाचनही दोन-चार वर्षांत विसरले जाते. केवढी ही हानी! पुढे सातबाराचा उतारा, कर्जाचा कागद अथवा औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी त्यास दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागते, आणि तो दुसरा सांगेल ते खरे मानावे लागते.

पालकहो, यावर उपाय आहे, आणि तो खर्चाचा नाही. मुलास रात्री जेवणानंतर पावघटका जवळ बसवावे व त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचवून घ्यावे. आपणांस वाचता येत नसले तरी चिंता नाही. ऐकता तर येते. वाचून झाल्यावर त्याने ती गोष्ट आपल्या घरच्या बोलीत सांगावी. बोलीत सांगता आली, तर ती समजली असे खुशाल मानावे. मग त्यास एखादा प्रश्न करावा, आणि तो असा, की ज्याचे उत्तर पुस्तकात छापलेले नाही. पाण्याविषयीचा धडा असेल, तर चांदपूरच्या तलावाचे पाणी बांधीपर्यंत कसे पोहोचते, ते त्याने सांगावे. उत्तर चुकले तरी रागावू नये. विचार केला एवढ्यावरच शाबासकी द्यावी. आणि क्रमिक पुस्तकाखेरीज मूल दुसरे काही वाचीत बसले, तर ते वेळ दवडीत आहे असे समजू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक काम सांगतो. तुम्ही हायस्कुलात आला आहा. घरी धाकटी भावंडे प्राथमिक शाळेत आहेत. त्यांच्यासाठी महिन्यातून एक गोष्ट निवडा, ती त्यांस वाचून दाखवा, मग त्यांच्याकडून वाचवून घ्या, आणि तिच्याविषयी त्यांस काय वाटते ते मन लावून ऐका. एका महिन्यात फळ दिसणार नाही, कदाचित वर्षातही दिसणार नाही. ओक यांनी एक अंक काढिला, मग दुसरा, मग तिसरा; असे करीत करीत ४०२ महिने लोटले. मोठी कामे अशीच होतात. तुमच्या घरातील एक मूल जरी पुस्तक मिटून विचार करीत बसलेले तुम्हांस दिसले, तरी या थोर पुरुषाचे स्मरण तुम्ही योग्य रीतीने केले, असे आम्ही समजू.