गाठीचा निवाडा ऊतीवर करणारे डॉ. खानोलकर

बेळ्ळंदूर (बंगळुरू) : स्कॅनमधील सावलीवरून कर्करोगाचा अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रणालींवर आज बंगळुरूत काम सुरू आहे. तो अंदाज खरा की खोटा, हे मात्र रुग्णाच्या शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच ठरते. ही कसोटी भारतीय कर्करोग संशोधनात रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या काळी शरीराच्या आतले चित्र म्हणजे प्रामुख्याने क्ष-किरणांची छायाप्रत. फुप्फुसावरील डाग क्षयाचा की कर्करोगाचा, हे तिच्यावरून छातीठोकपणे सांगणे कठीण. आणि क्षयाने ग्रासलेल्या देशात ही गफलत जिवावर बेतणारी. फॉर्मेलिनमध्ये टिकविलेला, मेणात बसविलेला तुकडा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा कापून रंगविला, की पेशींची ठेवण उलगडते. खानोलकर त्यापुढे जाऊन रुग्णाच्या सवयींकडेही पाहत. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धोतराच्या गाठीखाली, कमरेशी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंदही त्यांनी सहकाऱ्यासह केली. आजाराचे मूळ नेसण्याच्या पद्धतीत शोधणारी ही नजर परदेशी ग्रंथांतून मिळणारी नव्हती.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर त्याचे संचालक होते. पुढे पद्मभूषण, १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद असे सन्मान लाभले.

त्यांच्या हयातीतच, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मेंदूतील गाठ चित्रात दिसली. शस्त्रक्रियेत ती तेथेच सापडली, तेव्हा यंत्रावरचा विश्वास पक्का झाला. पडताळणी आजही सोपी नाही. फॉर्मेलिनमध्ये ऊती आकसते, स्कॅनचा छेद आणि प्रयोगशाळेतील काप यांचा कोन जुळत नाही. त्यामुळे चित्रातील नेमका ठिपका काचपट्टीवर शोधणे जिकिरीचे ठरते. पेट स्कॅनमध्ये तर क्षयाची गाठही कर्करोगासारखी उजळते. खानोलकरांच्या पिढीपुढचा पेच नव्या यंत्राच्या पडद्यावर पुन्हा उभा राहतो आणि डॉक्टर बायोप्सी लिहून देतात.

खानोलकरांचे संशोधन केंद्र १९६६ मध्ये रुग्णालयाशी एकत्र आणून टाटा स्मारक केंद्र आकाराला आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.