भांडले, तरी निवड त्यांचीच

धुळ्यात कॉलेजला असाल तर गोंदूरहून उडालेली शिकाऊ विमानं तुम्ही डोक्यावर घिरट्या घालताना पाहिली असतीलच. लेक्चर कंटाळवाणं असेल तर जरा जास्तच! त्यांच्यात ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं असतात, तो क्लब १९२८ मध्ये मुंबईत, जुहूला सुरू झाला. तिथे सुरुवातीलाच शिकायला आलेल्यांत एक चोवीस वर्षांचा तरुण होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याला परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला वैमानिक परवाना, नंबर १. तरुणाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जन्म पॅरिसचा, १९०४ चा. आई फ्रेंच. विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा ब्लेरियो सुट्टीच्या गावी त्यांचा शेजारी. अशा पोराला विमानाचं वेड लागलं नसतं तरच नवल. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपालाची पोती घेऊन एकटेच निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यातून टाटांची विमान कंपनी उभी राहिली, १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं आणि ८ जून १९४८ ला तिचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला झेपावलं. हे सगळं तुम्ही जनरल नॉलेजच्या पुस्तकात वाचलं असेल. त्यापुढची गोष्ट मात्र तिथे सहसा नसते.

आधी दोन नावं समजून घ्या, कारण स्पर्धा परीक्षेतही इथेच घोळ होतो. ‘इकाओ’ ही सरकारांची संघटना. १९४४ मध्ये शिकागोला बावन्न देशांनी करार केला, त्यातून ती जन्मली. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी सर गिरिजाशंकर बाजपेयींच्या नेतृत्वाखाली आपलं शिष्टमंडळ तिथे होतं. ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची संघटना, १९४५ ची. दोघींचा कारभार कॅनडात, माँट्रियलला. त्या काळी परदेशी विमानप्रवासाचं भाडं आयाटाच्या बैठकांत ठरायचं, तेही एकमताने, आणि मग सरकारं त्यावर शिक्का मारायची. म्हणजे तिथल्या टेबलावर तुमचा माणूस कच्चा असेल, तर तुमच्या विमानाचं तिकीट दुसरेच ठरवणार!

आता १९५३. सरकारने सगळ्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करायचं ठरवलं. जेआरडींना हे अजिबात पटलं नाही. नोकरशाहीच्या हातात गेलं की ही सेवा ढासळेल, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आपल्याला विश्वासात घेतलं नाही याचा रागही होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. दळणवळण मंत्री जगजीवनराम यांच्याशी वाद झाले, नेहरूंशी पत्रापत्री झाली. पण निर्णय काही बदलला नाही.

मग नव्या एअर इंडिया इंटरनॅशनलचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. सरकारी कंपनीचा अध्यक्ष म्हणजे जगाच्या विमान व्यवसायात सरकारचाच चेहरा. हो ला हो करणारा एखादा माणूस बसवणं सोपं होतं. सरकारने विचारलं ते जेआरडींना. बघा ना, ज्याने योजनेवर सगळ्यात कडक टीका केली, त्यालाच! आणि तेही रुसून बसले नाहीत. वर्षानुवर्षं जिवापाड जपलेली कंपनी आणि तिथली माणसं वाऱ्यावर सोडणं त्यांना जमणारं नव्हतं. पगार न घेता त्यांनी हे पद पंचवीस वर्षं सांभाळलं. विमानातले पडदे, चहाची चव, काउंटरवरची धूळ, काहीच त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. प्रवास करून आले की चुकांची यादी तयार!

या काटेकोरपणाची दखल जगाने घेतली. १९५८ मध्ये आयाटाची वार्षिक सभा दिल्लीत भरली आणि वर्षभरासाठी संघटनेचं अध्यक्षपद जेआरडींकडे आलं. स्वातंत्र्याला जेमतेम अकरा वर्षं झालेली, विमानं मोजकी, आणि जगातल्या बड्या कंपन्यांच्या सभेत मुख्य खुर्चीवर भारताचा माणूस! पुढे इकाओनेही त्यांना एडवर्ड वॉर्नर पुरस्कार दिला. विमान वाहतुकीत त्याहून मोठे मान थोडेच आहेत.

पण निवडणारे बदलले की निवडही बदलते. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. सरकारने आधी साधं कळवलंही नाही. बातमी त्यांना मिळाली ती त्यांच्या जागी नेमलेल्या पी. सी. लाल यांच्याकडून! आणि हे लाल तेव्हा टाटांकडेच कामाला होते. सरकारला माणूस बदलण्याचा अधिकार असतो, मान्य. पण पंचवीस वर्षं बिनपगारी राबलेल्या माणसाला एक फोनसुद्धा करू नये? १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, अध्यक्षपद मात्र परत दिलं नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानात पुन्हा एकटेच बसले, कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. ज्या धावपट्टीवर ते विमान चालवायला शिकले होते, तिथेच.