निपाणकर सरकार : तहाच्या कागदावर वाढलेली आणि बुडालेली जहागीर

निपाणी-चिकोडीत सीमेचा विषय निघाला की १९५६ साल आठवतं. पण चिकोडी आणि मनोळी हे तालुके त्याच्या कितीतरी आधी कागदावर इकडून तिकडे फिरत होते. त्या फिरण्याच्या मधोमध उभा असलेला माणूस म्हणजे सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजेच आप्पा देसाई निपाणकर.

पेशव्यांचे हे सरदार. कोल्हापूरच्या छत्रपतींशी त्यांचं वैर जुनं, आणि कारण हेच दोन तालुके. वसईच्या तहानंतर १८०३ मध्ये जनरल वेलस्ली बाजीरावाला गादीवर बसवायला दक्षिणेतून पुण्याकडे निघाला, तेव्हा वाटेत त्याला पटवर्धन, बापू गोखले यांच्याबरोबर निपाणकरही येऊन मिळाले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली.

या मैत्रीच्या काळात निपाणकरांचं बरं चाललं. १८१२ मध्ये पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन मध्ये पडला. ऑक्टोबरातल्या तहात कोल्हापूरने चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला, वर मालवणही कंपनीला दिलं. लढाई न करता कंपनीला बंदर मिळालं आणि निपाणकरांना तालुके. पण यापुढे भांडण सोडवणार कोण, हेही त्याच कागदाने ठरवून टाकलं होतं.

१८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि बोलणी संपली. इकडे दक्षिणेत थॉमस मन्रो होता. कंपनीची तैनाती फौज ज्या राज्यात शिरते ते राज्य आतून पोखरतं, असं त्याने त्याच वर्षी गव्हर्नर जनरलला कळवलं होतं. मत असं, पण हातात तोफा! १० एप्रिल १८१८ ला बेळगावचा किल्ला त्याच्या ताब्यात आला.

निपाणकरांनी बाजीरावाची साथ सोडली, पण उशिरा. जहागीर वाचली, चिकोडी-मनोळी मात्र गेले. इंग्रजांना मदत केली म्हणून ते कोल्हापूरला मिळाले. १८२७ च्या तहात कंपनीने ते कोल्हापूरकडूनही काढून घेतले.

१८३९ मध्ये आप्पा देसाई वारले. मागे वारस नव्हता, कंपनीने निपाणीची जहागीर खालसा केली. खालसा धोरणासाठी ज्याचं नाव घेतलं जातं तो डलहौसी हिंदुस्थानात यायला अजून नऊ वर्षं होती.