चिमणीचा सवाल आणि सलीम अलींची सबुरी

रमजानच्या महिन्यात मुले घरातल्या मोठ्यांना सारखी विचारत असतात : हे चालते का, ते चालते का? कधी आपल्याला उत्तर येत असते, कधी येत नसते. अशा वेळी मुलाला गप्प बसवायचे की जाणत्याकडे पाठवायचे, यावर पुढचे बरेच काही ठरते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या खेतवाडीत एका मुलाला असाच प्रश्न पडला होता. घरच्यांनी त्याला जाणत्याकडे पाठवले, म्हणून आज आपल्याला डॉ. सलीम अली हे नाव माहीत आहे.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. या यतीम लेकराला मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्ऱ्याची छोटी बंदूक दिली. एके दिवशी सलीमने एक चिमणी पाडली. खाण्याआधी निरखून पाहिली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग हिला खाणे मुसलमानाला जायज आहे का? चिमणी घेऊन पोरगा मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि मग एकामागून एक कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. हलाल-हरामच्या सवालातून इल्मचा दरवाजा उघडला, तो पुढे आयुष्यभर बंद झाला नाही.

वाट मात्र सोपी नव्हती. काही वर्षे ब्रह्मदेशात घरच्यांच्या धंद्यात गेली, तिथे व्यापारापेक्षा रानातच जीव रमला. 1918 मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुढे मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली, रजा काढून जर्मनीत श्ट्रेझेमान या मोठ्या अभ्यासकाच्या हाताखाली शिकून 1930 मध्ये परतले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. बेकार सलीम अली अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. महिनोन् महिने ते घरट्यांवर नजर ठेवून बसले आणि तोवर कुणाच्या नीट ध्यानात न आलेली गोष्ट त्यांनी मांडली : नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते, आणि मग तो नर दुसरे घरटे विणायला घेतो.

पुढे त्यांनी संस्थानांकडे पक्ष्यांच्या पाहणीचा प्रस्ताव ठेवला : खर्च तेवढा द्या, मेहनताना नको. हैदराबाद संस्थानाची पाहणी याच अटीवर झाली. आपल्या बुलढाण्याला लागून असलेला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. अनेक मोहिमांत तहमीना बेगम सोबत असत. 1939 मध्ये त्यांचे निधन झाले. या दुःखानंतर सलीम अलींनी स्वतःला कामात आणखी बुडवून घेतले. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले आणि साध्या माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली.

1945 च्या एप्रिलमध्ये कच्छच्या महारावांच्या मदतीने ते मोठ्या रणातल्या रोहित पक्ष्यांच्या वसाहतीवर पोहोचले. रोहित म्हणजे अग्निपंख. चिखलाच्या बुटक्या ढिगाऱ्यांसारखी एक लाखाहून अधिक घरटी त्यांनी नोंदवली, पक्ष्यांचा अंदाज पाच लाखांच्या आसपास केला. रोहिताचे पिलू जन्मते तेव्हा राखाडी असते, चोचही सरळ असते. चोच हळूहळू वाकते, गुलाबी रंग चढायला काही वर्षे जातात. तो रंग शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येतो. आईबाप दोघेही पिलाला गळ्यातून स्रवणारे दूध भरवतात आणि भरवता भरवता त्यांचा स्वतःचाच रंग फिकट पडतो. आपला रंग देऊन लेकरू वाढवणे ही आईबापांची रीत पाखरांतही आहे.

2020 च्या जूनमध्ये आपल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा जिल्हाभरातून लोक पाहायला गेले. तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता आणि त्यांची रंगद्रव्ये रोहिताच्या पिसांतल्या रंगद्रव्यांच्याच जातकुळीतली. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

पण पाणपक्ष्यांचे रंग पाहायला कच्छला जायची गरज नाही. एखाद्या गावच्या चिंचेवर किंवा पिंपळावर पावसाळ्यात बगळ्यांची घरटी भरतात. अशा वसाहतीला मराठीत सारंगागार असा सुंदर शब्द आहे. एरवी पांढराशुभ्र दिसणारा गायबगळा विणीच्या दिवसांत डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी होतो. मळकट ढोकरीची पाठ गडद तांबडी होते. ठिपक्यांचे तपकिरी पिलू आणि काळ्या पाठीचा रातबगळा एकाच जातीचे आहेत, हे पहिल्या नजरेत पटत नाही. एकदाच पाहणारा माणूस एका पक्ष्याचे दोन पक्षी करतो. ऋतूमागून ऋतू पाहणाऱ्यालाच खरे कळते. सलीम अलींचे सगळे इल्म याच सबुरीतून आले. कुणाचा एका दिवसाचा रंग पाहून निकाल देऊ नये, हे माणसांच्या बाबतीतही खरेच आहे.

राजस्थानातल्या भरतपूरचे केवलादेव अभयारण्य राखण्यासाठी त्यांनी फार खटपट केली. पावसाळ्यात तिथल्या बाभळींवर चित्रबलाक आणि बगळे घरटी करतात. तिथली गुरांची चराई बंद व्हावी, असे त्यांचे मत होते. 1982 मध्ये ती बंद झाली, गावकऱ्यांशी संघर्ष पेटला आणि त्यात माणसांचे बळी गेले. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसले, की म्हशी गवत चरून पाणी मोकळे ठेवत होत्या. चराई थांबल्यावर गवत माजले आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. हा निष्कर्ष आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पण आपल्या गुरूच्या मताविरुद्ध जाणारी गोष्टही नोंदवायची, ही शिस्त त्यांनीच लावलेली होती.

सलीम अली कर्मकांडात रमणारे नव्हते. दिखाऊ धार्मिकतेचा त्यांना लहानपणापासून तिटकारा होता, ही गोष्ट या पानावरही झाकून ठेवायला नको. पण कुरआनच्या सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांनाही उम्मत म्हटले आहे, आणि त्या उम्मतीची खिदमत या माणसाइतकी फार थोड्यांनी केली असेल. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेल्या आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. माणूस गेल्यावरही चालू राहणारा हा सदकाच. 1987 मध्ये वयाच्या नव्वदीत ते अल्लाहला प्यारे झाले.

एकेकाळी युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची विणीतली नाजूक पिसे इथून जात. 1902 मध्ये त्या निर्यातीवर बंदी आली. आता पिसांसाठी कुणी बगळे मारत नाही, पण खाली विष्ठा पडते, वास येतो म्हणून घरट्यांनी भरलेले झाड तोडले जाते आणि पिले मातीत पडतात. तोडायचेच असेल, तर निदान पिले उडेपर्यंत थांबावे. रोजा आपल्याला दुसरे काय शिकवतो? हाताशी असूनही थांबायला. आणि आपल्या घरातल्या पोराने एखाद्या पाखराविषयी सवाल केला, तर अमीरुद्दीन मामांसारखे त्याचे बोट धरून त्याला जाणत्याच्या दारापर्यंत न्यावे.