प्राण्यांस अभय देणारा राजा : सम्राट् अशोक

शत्रूचें राज्य जिंकून विजयस्तंभ उभारणारे राजे जगाच्या इतिहासांत पुष्कळ होऊन गेले. परंतु विजय मिळाल्यावर ज्याला त्या विजयाचें दुःख झालें, आणि तें दुःख ज्यानें आपल्याच आज्ञेनें खडकावर कोरवून ठेविलें, असा राजा शोधूं गेल्यास बहुधा मौर्य सम्राट् अशोक याच्याच नांवापाशीं थांबावें लागतें. कलिंगाच्या युद्धाची कथा आपण सर्वांनीं वर्गांत वाचलेली आहे. प्रस्तुत लेखांत त्याच्या चरित्राची एक कमी परिचित बाजू सांगावयाची आहे. पशु, पक्षी व जलचर यांच्या हत्येस या राजानें आज्ञा काढून आळा घातला, आणि ज्या जीवांस त्यानें अभय दिलें त्यांच्या यादींत गंगेंतील एका आंधळ्या, निरुपद्रवी प्राण्याचेंही नांव होतें.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू व बिंदुसाराचा पुत्र. गंगेच्या कांठचें पाटलिपुत्र, म्हणजे आजचें पाटणा, ही त्याच्या घराण्याची राजधानी होती. तरुणपणीं तो उज्जयिनीस राजप्रतिनिधि होता असें बौद्ध ग्रंथ सांगतात. भावांची हत्या करून त्यानें गादी बळकाविली अशाही कथा त्या ग्रंथांत आहेत. परंतु त्यांत अतिशयोक्ति बरीच असल्यामुळें इतिहासकार त्यांवर फारसा भर ठेवीत नाहींत. इ. स. पू. २६८ च्या सुमारास त्यास राज्याभिषेक झाला. त्या वेळीं मौर्यांचें राज्य वायव्येस कंदाहारपासून दक्षिणेस कर्नाटकापर्यंत पसरलेलें होतें.

अशा राजाचें दैनंदिन जीवन कसें असे, याची कांहीं कल्पना करतां येते. त्याच्या आजोबांच्या दरबारीं राहिलेल्या मेगॅस्थेनीस या ग्रीक वकिलाच्या वृत्तांतांत राजाच्या मृगयेचें वर्णन आलें आहे. राजा शिकारीस निघाला म्हणजे वाटेच्या दोहों बाजूंस दोर बांधीत, आणि तो दोर ओलांडून आंत येईल त्यास मृत्युदंड ठरलेला असे. शिकार हें राजाचें वैभव होतें. तीं मिरवणुकीची व पराक्रमाची जागा होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यांत तर कालवणासाठीं दररोज लक्षावधि जीव मारले जात, असें खुद्द अशोकानेंच आपल्या लेखांत नमूद केलें आहे. हा आंकडा मोजून लिहिलेला नसेल. परंतु ती हत्या त्याच्या डोळ्यांत सलूं लागली होती एवढें त्यावरून खास दिसतें.

हा पालट कलिंगाच्या युद्धानें घडविला. अभिषेकास आठ वर्षें झालीं असतां त्यानें कलिंग देश, म्हणजे आजच्या ओडिशाचा प्रदेश, जिंकला. तेराव्या शिलालेखांत त्यानें स्वतःच हिशेब दिला आहे : एक लक्ष माणसें रणांत मारलीं गेलीं, दीड लक्ष माणसें धरून नेण्यांत आलीं, आणि त्याच्या कितीतरी पट इतर कारणांनीं मृत्यु पावलीं. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अशोकानें केवळ मेलेल्यांसाठीं शोक केला नाहीं. जे धरून नेले गेले, ज्यांची आपल्या माणसांशीं ताटातूट झाली, त्यांचें दुःखही त्यानें वधाच्याच पंक्तीस बसविलें. मारणें आणि धरून नेणें हीं दोन्ही त्याला सारखींच जड वाटलीं.

अभिषेकानंतर बारा वर्षांनीं त्यानें आपले धर्मलेख लिहविण्यास आरंभ केला. त्यांतील पहिलाच लेख प्राण्यांविषयीं आहे. या लेखानें त्यानें यज्ञार्थ पशुवध करण्यास मनाई केली, आणि लगेच स्वतःच्या घराकडे वळून सांगितलें कीं, आतां राजाच्या मुदपाकखान्यांत तीनच प्राणी मारले जातात, दोन मोर व एक हरिण. त्यांतही हरिण नेहमींच नसतें. आणि पुढें हे तीनही मारले जाणार नाहींत. या कबुलीचें मोल फार आहे. आपण पूर्ण निर्दोष झालों आहों असा आव राजानें आणला नाहीं. दोन मोर व एक हरिण अद्याप उरलें आहे हें त्यानें साऱ्या राज्यास खडकावरून कळविलें. प्रजेस नियम घालून देण्यापूर्वीं त्यानें स्वतःच्या ताटास नियम घातला, म्हणून त्याच्या पुढील आज्ञांस वजन आलें.

दुसऱ्या शिलालेखांत माणसें व जनावरें या दोघांच्याही औषधोपचाराची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. जेथें औषधी वनस्पति नव्हत्या तेथें त्या आणून लावल्या. रस्त्यांवर विहिरी खोदल्या व झाडें लाविलीं, तीं माणसें व पशु या दोघांच्या उपयोगासाठीं. ही व्यवस्था आपल्याच राज्यांत नव्हे, तर चोल, पांड्य, सिंहल व ग्रीक राजांच्या मुलखांतही पोंचविल्याचें तो सांगतो.

आठवा शिलालेख आपल्या महाराष्ट्रास विशेष जवळचा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात व तींत मृगया करीत. परंतु अभिषेकानंतर दहा वर्षांनीं आपण बोधगयेस गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असें त्यांत सांगितलें आहे. या यात्रांत साधु व वृद्ध यांच्या भेटी, दानधर्म, आणि खेड्यापाड्यांतील लोकांशीं बोलणें हा कार्यक्रम असे. ज्या वाटेवर दोर ओलांडणारास मृत्यु होता, त्या वाटेवर राजा आतां प्रजेस भेटावयास निघाला. याच लेखाचा एक तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील सोपारा येथें सांपडला. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा जो दानलेख आहे, त्यांत गोवर्धनाबरोबर याच शूर्पारकाचें नांव येतें. यावरून नाशिक व तें बंदर यांचा संबंध किती जुना आहे हें कळेल. गलबतें जेथें माल उतरवीत, त्या गजबजलेल्या ठिकाणीं शिकार सोडल्याची ही वार्ता दगडावर लिहिलेली होती. तो दगड आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतो.

आतां अशोकाच्या उतारवयांतील आज्ञेकडे वळूं. अभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर, म्हणजे इ. स. पू. २४२ च्या सुमारास, त्यानें पांचवा स्तंभलेख कोरविला. त्यांत ज्या प्राण्यांचा वध करूं नये त्यांची नांवनिशीवार यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कांसव, साळिंदर, खार, गेंडा, पांढरीं कबुतरें व गांवांतील कबुतरें हीं नांवें तींत ओळखतां येतात. शेवटीं, जे चतुष्पाद उपयोगास येत नाहींत व खाल्लेही जात नाहींत अशा सर्वांस अभय दिलें आहे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी, तसेंच सहा महिन्यांच्या आंतील पिल्लें मारूं नयेत. जीवजंतु असलेला भुसा जाळूं नये. विनाकारण किंवा जीवहत्येसाठीं रानास आग लावूं नये. एका जीवावर दुसरा जीव पोसूं नये. ठराविक पौर्णिमांस व उपोषणाच्या दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंही नयेत, असें त्यांत बजाविलें आहे. याच लेखाच्या अखेरीस, सव्वीस वर्षांत पंचवीस वेळां कैदी मुक्त केल्याची नोंद आहे.

या यादींत गंगापुपुटक असें एक नांव आहे. अनेक विद्वान् त्याचा अर्थ गंगेंतील डॉल्फिन असा करतात. हिंदी मुलखांत यास सोंस अथवा सुसू म्हणतात. दिसावयास हा माशासारखा, परंतु आहे सस्तन प्राणी. श्वास घेण्यासाठीं त्यास पाण्यावर यावें लागतें, आणि मादी पिल्लास दूध पाजते. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसल्यामुळें तो जवळजवळ आंधळा असतो. गढूळ पाण्यांत बारीक ध्वनि काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून तो वाट व भक्ष्य शोधतो. त्याची चरबी व तेल यांसाठीं पुढील काळीं त्याची फार शिकार झाली. ज्या स्तंभांवर ही आज्ञा कोरली गेली त्यांपैकीं तीन, लौरिया-अरराज, लौरिया-नंदनगढ व रामपुरवा येथील, बिहारांतील चंपारण भागांत आहेत. त्याच भागांतून वाहणाऱ्या गंडक नदींत हा प्राणी आजही आहे.

अशोकानें एका फटक्यांत सर्व हिंसा बंद केली, असें मात्र कोणी समजूं नये. मांस खाण्यास त्यानें सरसकट मनाई केली नाहीं, आणि कोळ्यांचा धंदाही बंद पाडला नाहीं. कांहीं दिवस व कांहीं जीव त्यानें वगळून घेतले. देहान्त शिक्षाही त्याच्या राज्यांत राहिली; फक्त अपराध्यास तीन दिवसांची मुदत मिळूं लागली. आपल्या सत्तेची मर्यादा त्यास ठाऊक होती. सातव्या स्तंभलेखांत तो म्हणतो कीं, धर्माची वाढ नियमांनीं थोडी व मनाच्या वळणानें अधिक झाली. म्हणूनच अभिषेकानंतर तेरा वर्षांनीं त्यानें धर्ममहामात्र नांवाचे अधिकारी नेमिले व त्यांस गांवोगांवीं धाडिलें. त्यांच्या कार्यक्षेत्रांत राष्ट्रिक व अपरान्त, म्हणजे आपला महाराष्ट्र व कोंकण, यांचाही समावेश होता. आपल्या आज्ञा ठराविक दिवशीं लोकांस वाचून दाखवाव्या, अशीही त्याची ताकीद असे. अक्षर न येणाऱ्या कोळ्यापर्यंत व पारध्यापर्यंत राजाचें मन पोंचविण्याचा तोच मार्ग होता.

या खटपटीची एक खूण विदर्भांत उरली आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक या गांवीं अशोककालीन अक्षरांत कोरलेला एक शिलालेख मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याचा अभ्यास केला. त्यांच्या मतें प्राण्यांस पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती आज्ञा असून ती अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी. कलिंगाच्या शोकांत मारणें आणि धरून नेणें जसें शेजारीं आलें होतें, तसेंच तें येथें मुक्या जीवांच्या बाबतींतही आलें आहे.

इ. स. पू. २३२ च्या सुमारास अशोक वारला. पन्नास वर्षांच्या आंत मौर्यांचें राज्य संपलें, आणि पुढें त्याची लिपि वाचणाराही कोणी राहिला नाहीं. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें त्याचे दोन स्तंभ दिल्लीस नेले. परंतु त्यांवर काय लिहिलें आहे हें त्यास सांगूं शकेल असा पंडित मिळाला नाहीं. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ती लिपि उलगडली; आणि लेखांतील प्रियदर्शी राजा तोच अशोक, याचा पक्का पुरावा १९१५ सालीं रायचूर जिल्ह्यांतील मस्की येथें मिळाला. अभय देणारें शासन गंगेच्या प्रदेशांत उभें होतें, परंतु तें कोणासच वाचतां येत नव्हतें. आणि नदींत त्या प्राण्याची हत्या चालूंच होती.

तें अभय पुन्हां देण्याचें काम आपल्या काळांत झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गंगेच्या डॉल्फिनास पहिल्या अनुसूचींत घातलें. १९९१ सालीं बिहारांत भागलपूरजवळ त्याच्यासाठीं विक्रमशिला अभयारण्य झालें, आणि २००९ सालीं तो राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेंत आपल्या नद्यांतील डॉल्फिनांची संख्या ६,३२७ इतकी अंदाजिली आहे. धरून ठेवण्याचा प्रश्नही उभा राहिलाच. १९९८ सालीं चेन्नईजवळ खेळ करून दाखविण्यासाठीं परदेशांतून आणलेले समुद्री डॉल्फिन कांहीं महिन्यांतच मेले. ज्या जीवाचें सारें ज्ञान ध्वनीवर चालतें, त्यास चार भिंतींच्या टाक्यांत कोंडणें म्हणजे काय, हें त्यावरून उमगावें. लोकांनीं आवाज उठविल्यावर २०१३ सालीं केंद्र सरकारनें अशीं डॉल्फिनगृहें काढण्यास परवानगी देऊं नये असें ठरविलें. जपानांतील ताइजी येथें मात्र डॉल्फिनांना किनाऱ्याकडे हांकून कांहींस मारण्याची व कांहींस खेळासाठीं विकण्याची प्रथा अद्याप चालूं आहे.

मित्रहो, अशोकाचे सिंह आपण नाण्यांवर व नोटांवर रोज पाहतों. त्याच्या चरित्रापासून घेण्यासारखा बोध साधा आहे. दुसऱ्याच्या हातांतील जाळें काढून घेण्यापूर्वीं त्यानें स्वतःच्या ताटांतील कालवण व स्वतःच्या शिकारीचा डौल सोडला. आणि जें अद्याप सुटलें नव्हतें तेंही लपविलें नाहीं. दगडावर लिहिलेली आज्ञा लोकांस वाचतां येईनाशी झाल्यावर काय झालें, हें आपण वर पाहिलेंच. आजचा कायदा आपल्याला वाचतां येतो. तो पाळून घेणें हें यापुढें तुमच्याकडे आहे. पिंजऱ्यांतला पोपट विकत घेण्यास हात पुढें होईल, किंवा कोंडलेल्या जनावराचा खेळ पाहण्यास कोणी तिकीट देऊं करील, तेव्हां त्या राजाची ती यादी आठवावी, इतकेंच या प्रसंगीं सुचवितों.